उंबरठा केव्हा ओलांडावा?

पाऊस आला की पाखरू घरट्याकडे वळते, दिवस मावळला की गुरे गोठ्याची वाट धरतात, आणि संकट आले की माणूस घराकडे धाव घेतो. घर म्हणजे केवळ चार भिंती आणि वर छप्पर नव्हे. ज्या ठिकाणी आपण निर्धास्तपणे डोळे मिटतो, ते आपले घर. म्हणूनच 'घरात आहोत ना, मग भीती कशाची?' असे आपण सहज म्हणून जातो. हे म्हणणे पुष्कळदा खरे असते; परंतु नेहमीच खरे असते असे मात्र नाही. ते कोणत्या वेळी खरे नसते, हे ज्याला वेळेवर ओळखता येत नाही, त्याच्यावर फार मोठा प्रसंग ओढवतो.

२०२० सालची गोष्ट पाहा. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. 'घराबाहेर पडू नका' हाच त्या दिवसांतील सर्वांत मोठा उपदेश होता. शाळा ओस पडल्या, रस्ते निर्मनुष्य झाले, आणि कोट्यवधी माणसे आपापल्या उंबरठ्याच्या आत राहिली. अशा स्थितीत जूनच्या आरंभी अरबी समुद्रात 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ उठले. आता रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावरील लोकांना नेमकी उलट आज्ञा झाली : 'कच्ची घरे सोडा आणि पक्क्या इमारतींत चला.' ३ जून रोजी दुपारी हे वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. नारळी-पोफळींच्या बागा मुळासकट उन्मळून पडल्या. कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. दोन महिन्यांहून अधिक काळ ज्या घराने माणसांना राखले होते, तेच घर त्या दिवशी त्यांच्या जिवावर उठू शकले असते.

मग या दोन आज्ञांपैकी खरी कोणती? दोन्ही खऱ्या होत्या. साथीचा रोग माणसाकडून माणसाकडे जातो. माणसे एकमेकांपासून दूर राहिली की त्याची साखळी तुटते. म्हणून त्या संकटात घर हे चिलखत होते. वादळ मात्र घरावरच घाला घालते. तेथे दुबळे घर म्हणजे चिलखत नव्हे, तर डोक्यावर टांगलेले ओझे होय. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. 'घरात थांबावे' किंवा 'घर सोडावे' असा एकच नियम सर्व संकटांना लागू पडत नाही. संकटाचे स्वरूप ओळखून निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय घेण्यासाठी मनाला चार प्रश्न विचारावेत. धोका कोठून येत आहे? माझे घर त्या धोक्यापुढे टिकेल काय? बाहेरची वाट घरापेक्षा सुरक्षित आहे काय? आणि माझ्या हाती वेळ किती आहे?

पहिला प्रश्न धोक्याच्या वाटेचा. काही धोके हवेतून येतात. १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून एक अत्यंत विषारी वायू बाहेर पडला. डोळ्यांची आग होऊ लागल्याने लोक झोपेतून दचकून उठले आणि वाट फुटेल तिकडे धावत सुटले. धावताना श्वास जोराने चालतो, आणि विषारी हवेत जोराने श्वास घेणे म्हणजे अधिक विष पोटात घेणे होय. शिवाय कोणत्या दिशेला धावावे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. तो वायू हवेहून सुमारे दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत होता. हजारो माणसे त्या दुर्घटनेत मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी घर पक्के असेल तर दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, फटींत ओली फडकी कोंबावीत, पंखे बंद करावेत, नाकातोंडावर ओले कापड धरावे आणि अधिकृत सूचनेची वाट पाहावी. घर फटीफटींचे असेल किंवा बाहेर पडण्याची आज्ञा झाली असेल, तर वाऱ्याच्या दिशेने किंवा वाऱ्याच्या तोंडावर न जाता त्याला आडवे जावे; कारण वायूचा लोट वाऱ्याबरोबर पुढे सरकत असतो, आणि आडवे जाणारा मनुष्य त्यातून लवकर बाहेर पडतो.

दुसरा प्रश्न घराच्या बळाचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील कित्येक गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. त्या भागातील जुनी घरे दगड आणि चिखल यांची होती. भिंती जाड, आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर दिसण्यास भक्कम होते. परंतु जमीन हलताच दगड सुटे झाले आणि मणामणांची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. भूकंप माणसाला क्वचितच मारतो. माणसाला मारते ते बहुधा कोसळणारे घर. म्हणून भूकंपाचा विचार भूकंप होण्यापूर्वी, घर बांधतानाच करावयाचा असतो. इमारत नियमाप्रमाणे मजबूत बांधलेली असेल, तर हादरे बसत असताना जिन्याकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली बसावे, डोके आणि मान हातांनी झाकावी, टेबलाचा पाय घट्ट धरावा आणि हादरे थांबल्यावरच जिन्याने उतरून मोकळ्या जागेत जावे. घर मातीचे असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तर मात्र तत्काळ अंगणात यावे. एकदा हादरे थांबले म्हणून तडे गेलेल्या घरात परत शिरू नये; कारण मोठ्या धक्क्यामागून लहान धक्के येतच असतात.

तिसरा प्रश्न वाटेचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हे पाणी जमिनीवर जसेच्या तसे साचले असते, तर ते एखाद्या लहान मुलाच्या उंचीइतके झाले असते. त्या दुपारी लाखो माणसे कचेऱ्यांतून आणि शाळांतून घराकडे निघाली. घराची ओढ स्वाभाविकच होती. परंतु रस्त्यांचे ओढे झाले, वाहने जागच्या जागी अडकली, आणि बंद मोटारीतून बाहेर पडता न आल्याने काहींचा तेथेच अंत झाला. जी माणसे कचेरीच्या वरच्या मजल्यावर थांबली आणि जी मुले शिक्षकांबरोबर शाळेतच राहिली, ती दुसऱ्या दिवशी सुखरूप घरी पोहोचली. त्या रात्री घराची वाट घरापेक्षा लांब नव्हती, पण घरापेक्षा भयंकर होती. वाहत्या पाण्याच्या बळाविषयी आपली कल्पना नेहमीच तोकडी असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, आणि दोन फूट पाणी मोटारगाडी उचलून नेऊ शकते. म्हणून जेथे आहोत ती जागा उंच आणि भक्कम असेल आणि वाट पाण्याखाली गेली असेल, तर थांबणे हेच शहाणपण होय.

चौथा प्रश्न वेळेचा, आणि तोच सर्वांत कठीण. काही संकटे अवधी देतात, काही देत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गाडली गेली. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही वार्ता जगाला कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवरही असाच प्रसंग ओढवला. दरड कोसळू लागल्यानंतर पळण्यास वेळ नसतो. पळावयाचे ते त्यापूर्वी. डोंगरउतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे आणि खांब कलणे, ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, घराच्या दारे-खिडक्या एकाएकी लागेनाशा होणे, ही डोंगराने दिलेली सूचना समजावी. मुसळधार पाऊस चालू असताना अशी चिन्हे दिसली, तर सकाळची वाट न पाहता गाव सोडावे.

नदीचा पूर मात्र बहुधा सांगून येतो. धरणातून पाणी सोडले की त्याचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. विसर्ग एक लाख क्युसेक आहे, याचा अर्थ दर सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर पाणी नदीत उतरत आहे. ते पाणी खालच्या गावांपर्यंत पोहोचण्यास बराच अवधी लागतो. तो अवधी म्हणजे नदीने आपल्याला दिलेली मुदत होय. ही मुदत कशी वाया जाते, हे सांगण्यासाठी मी माझी स्वतःचीच एक चूक सांगणार आहे.

२००५ साली मी कृष्णाकाठच्या एका गावात मुख्याध्यापक होतो. शाळेला लागूनच माझे बिऱ्हाड होते. जुलैचे अखेरचे दिवस होते आणि पाऊस थांबण्याचे नाव घेत नव्हता. एके दिवशी सायंकाळी दवंडी झाली : 'नदीकाठच्या लोकांनी रात्र पडण्याच्या आत माळावर जावे.' शाळेच्या जोत्यावर एका जुन्या पुराची खूण कोरलेली होती. ती पायरीच्या तीन हात खाली होती. मी खूण पाहिली, मनाशी हिशेब केला आणि ठरवले, 'पाणी येथवर येणे शक्य नाही. सकाळी पाहू.' मला वाटले, मी विचार करून निर्णय घेतला आहे. वास्तविक मी निर्णय पुढे ढकलला होता.

मध्यरात्री पाणी पायरीला लागले. पहाटे ते वर्गात शिरले. शाळेची जनरल रजिस्टरे कपाटाच्या खालच्या खणात होती. शेकडो मुलांच्या जन्मतारखा त्यांत होत्या. ती डोक्यावर घेऊन मी माडीवर चढलो. वर गेल्यावर मला दिसले की, मी एकटा नाही. शेजारच्या दोन घरांतील माणसेही माडीवर आलेली होती. त्यांत एक म्हातारी होती आणि तिची बाळंतीण सून होती. बाळ अवघे अकरा दिवसांचे होते. दहाच्या सुमारास नाव आली. नाव लहान, पाणी भोवऱ्यांचे, आणि माणसे जास्त. दोन फेऱ्या कराव्या लागल्या. बाळाला घोंगडीत गुंडाळून नावेत दिले, तेव्हा नावाड्याचे हात थरथरत होते, आणि माझेही.

आम्ही सर्वजण वाचलो. पण ते श्रेय माझ्या हिशेबाचे नव्हे, त्या नावाड्यांचे होते. माळावर पोहोचल्यावर मी त्या म्हातारीला विचारले, "आजी, दवंडी ऐकली होतीत ना? मग बाळ-बाळंतिणीला घेऊन काल सायंकाळीच का निघाला नाहीत?" ती म्हणाली, "तुमी ऱ्हायलासा म्हनून आमी ऱ्हायलो, गुरुजी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला आजवर विसरता आलेले नाही. मला वाटत होते की, मी केवळ स्वतःचा जीव पणाला लावला आहे. परंतु गावात जाणत्या मानल्या जाणाऱ्या माणसाचे थांबणे हीसुद्धा एक दवंडीच असते, आणि माझ्या त्या मुक्या दवंडीने खऱ्या दवंडीला खोटे पाडले होते.

माझी चूक कोठे झाली? मी नदीला जुन्या खुणेने मोजले. जुनी खूण नदीने पूर्वी काय केले ते सांगते. ती पुढे काय करील ते सांगत नाही. दुर्दैवाने हीच चूक पुढेही अनेकांच्या हातून घडली. २००५ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सुमारे ५४ फुटांपर्यंत गेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा 'त्या वेळी पाणी उंबऱ्याशी थांबले होते, आताही थांबेल' असे म्हणत पुष्कळ कुटुंबे घरातच राहिली. या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तीन फुटांचा फरक कागदावर लहान दिसतो. घरात जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तो डोक्याशी येतो. मग वेढलेल्या गावांतून माणसांना नावांनी काढावे लागले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे अशीच लोकांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांना, त्यांत स्त्रिया आणि मुले यांनाही, प्राण गमवावे लागले. वेळेवर चालत गेले असता जी वाट निर्धोक असते, तीच उशिरा गेल्यास प्राणघातक होते.

वेळेवर निघाल्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण ओडिशाने घालून दिले आहे. १९९९ सालच्या २९ ऑक्टोबरला तेथे आलेल्या महाचक्रीवादळात हजारो माणसे मरण पावली. त्या आघातातून त्या राज्याने धडा घेतला. किनाऱ्यावर पक्के निवारे उभारले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले आणि सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था केली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलीन' हे प्रचंड चक्रीवादळ आले, त्यापूर्वीच सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले होते. घरे पडली, पिके गेली; परंतु मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. वादळ तेच, किनारा तोच. बदलली होती ती माणसांची तयारी.

ही तयारी आपणही करू शकतो, आणि तिला फारसा खर्चही लागत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीच एक पिशवी भरून ठेवावी. महत्त्वाची कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वडीलधाऱ्यांची नित्याची औषधे, विजेरी, थोडी रोकड, चणे-गूळ-बिस्किटांसारखा कोरडा खाऊ, पिण्याचे पाणी आणि एक शिट्टी, एवढे तीत असावे. शिट्टी अशासाठी की, हाक थकते, शिट्टी थकत नाही. कोठे जावयाचे आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. सर्वसाधारण आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक लहान मुलांनाही पाठ असावेत. घर सोडताना विजेचा मुख्य खटका आणि गॅस बंद करावा, आणि गोठ्यातील जनावरांची दावी सोडावीत. बांधलेल्या जनावराला पोहता येत असूनही ते बुडते, हे विसरू नये. घरात थांबण्याचा आदेश असेल, तर चार-पाच दिवस पुरेल एवढे धान्य, पाणी आणि औषध घरात असावे. म्हणजे थांबण्याचा निश्चय उपासमारीने मोडत नाही.

आणखी एक पथ्य पाळावे. संकटाच्या वेळी पाण्याहून वेगाने अफवा पसरतात. पूर्वी त्या तोंडातोंडी जात. आता त्या मोबाइलवरून क्षणात गावभर होतात. 'धरण फुटले' असा निरोप आला, की तो कोणी दिला, हे आधी पाहावे. शासनाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अधिकृत सूचनेवर विश्वास ठेवावा, आणि खात्री नसलेला निरोप पुढे धाडू नये. परंतु खरी सूचना मिळाल्यावर तिच्यात शंका काढीत बसणे, ही अफवेवर विश्वास ठेवण्याइतकीच मोठी चूक आहे. मी ती केलेली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आजी-आजोबा असतील. ज्या घरात जन्म गेला, ते सोडताना त्यांचा पाय निघत नाही. 'आम्ही येथेच मरू' असे ते म्हणतात. त्यांच्यावर रागावू नका. त्यांचे मन घरात किती गुंतलेले आहे, हे समजून घ्या. त्यांचा हात धरा, देव्हाऱ्यातील त्यांचा देव त्यांच्या पदरात द्या आणि त्यांना बरोबर घेऊन निघा. निघताना शेजारच्या दारावर थाप मारा. तेथे एखादा आजारी, एखादा अपंग, एखादी एकटी राहणारी वृद्ध बाई असेल. तुम्ही निघालात हे पाहून तेही निघतील. माझ्या थांबण्याने काही माणसे थांबली होती. तुमच्या निघण्याने काही माणसे निघोत.

भिंती पुन्हा उभ्या करता येतात, कौले पुन्हा शाकारता येतात, भिजलेली रजिस्टरेही पुन्हा लिहून काढता येतात. माझ्या शाळेत आम्ही ती लिहून काढली. एकच गोष्ट पुन्हा मिळत नाही, ती म्हणजे गेलेला जीव. घर माणसासाठी असते, माणूस घरासाठी नसतो. एवढे ज्याच्या मनात पक्के ठसले, त्याला उंबरठ्याच्या आत केव्हा थांबावे आणि तो केव्हा ओलांडावा, हे सुचण्यास फारसा विलंब लागणार नाही.